मोंतेरोस्सोच्या किनाऱ्यावर एक दिवस: आधी समुद्र, मग गावं

दर उन्हाळ्यात आमच्याकडे मिलानला पुण्या-मुंबईहून कुणी ना कुणी येतं आणि "चिंक्वे तेर्रेला जाऊन जरा समुद्रात डुंबून येतो" म्हणत सकाळी बाहेर पडतं. रात्री परततात तेव्हा फोनमध्ये पाच गावांचे दोनशे फोटो असतात आणि पिशवीतले टॉवेल घडी न मोडता परत आलेले असतात. गावं बघता बघता संध्याकाळ झाली, पाय दुखायला लागले, मुलं पेंगुळली आणि समुद्र राहून गेला. दरवेळी हेच होतं, कारण दरवेळी क्रम उलटा असतो.

म्हणून हा लेख फक्त एका दिवसाचा आणि एका किनाऱ्याचा आहे. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरच्या मोंतेरोस्सो गावात जाऊन नीट समुद्रस्नान करून कसं यायचं, एवढंच यात आहे.

१. आधी गाव नक्की करा

चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावं. पश्चिमेकडून पूर्वेकडे मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला आणि रिओमाज्जोरे. फोटोत पाचही गावं समुद्राला खेटून दिसतात, त्यामुळे पाचही ठिकाणी किनारा असेल असं वाटतं. तसं नाही. मानारोलाला वाळू नाहीच, तिथली माणसं खडकांवरून आणि धक्क्यावरून पाण्यात उतरतात. रिओमाज्जोरेला मोठ्या गोट्यांचा छोटा किनारा आहे. वेर्नात्साच्या बंदरात टीचभर वाळू आहे. कोर्निलिया तर समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंचावर आहे आणि स्टेशनवरून गावात चढायला ३८२ पायऱ्या आहेत. पसरायला, बसायला, मुलांना खेळायला पुरेल असा लांब किनारा फक्त मोंतेरोस्सोला आहे.

मोंतेरोस्सोचे दोन भाग आहेत. स्टेशन आहे तो नवा भाग, फेजिना. जुनं गाव टेकडीच्या पलीकडे, बोगद्यातून चालत दहाएक मिनिटांवर. किनारा दोन्हीकडे आहे. फेजिनाचा लांब, जुन्या गावाचा आखूड. सोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर फेजिनाच धरा, स्टेशनच्या दारातून समोर समुद्रच दिसतो.

तपासा: मुक्काम करणार असाल तर हॉटेल फेजिनात आहे की जुन्या गावात, हे बुकिंगच्या आधी नकाशावर बघा. जुन्या गावातल्या बऱ्याच इमारतींना लिफ्ट नाही आणि गल्ल्या पायऱ्यांच्या आहेत. तेवीस किलोची बॅग तिथे कशी चढवणार, याचा विचार आधीच करा.

२. तारीख निवडताना

कोकणात वाढलेल्या माणसाला समुद्राचं पाणी थंड असू शकतं हे पटत नाही. इथे मे महिन्यात ऊन छान असतं, पण पाणी साधारण १७-१८ अंश असतं. पाय घातला की कळ येते. जूनच्या उत्तरार्धात ते २१-२२ वर जातं, ऑगस्टमध्ये २५ च्या आसपास, आणि सप्टेंबरमध्येही २३-२४ असतं. माझ्या मते सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे सगळ्यात चांगले. पाणी उबदार, इटालियन शाळा सुरू होण्याच्या बेतात आणि गर्दी ओसरलेली. आपल्याकडच्या मे महिन्याच्या सुट्टीत यायचं असेल तर जरूर या, पण डुंबण्याचा हट्ट धरू नका. वाळूवर बसा, पाय भिजवा.

टाळायच्या तारखा: २५ एप्रिल, १ मे, २ जून या सरकारी सुट्ट्या आणि १५ ऑगस्टच्या आगेमागचा आठवडा. १५ ऑगस्टला इटलीत फेर्रागोस्तो असतो आणि अख्खा देश समुद्राकडे निघालेला असतो. शनिवार-रविवारही शक्यतो नकोच.

दोन गोष्टी आदल्या दिवशी बघायच्या. पहिली, हवामानाचा इशारा. लिगुरियात पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतात. नारिंगी किंवा लाल असेल तर डोंगरातल्या पायवाटा बंद होतात आणि समुद्रही धड नसतो, त्या दिवशी जाऊ नका. दुसरी, रेल्वेचा संप. संपाला इथे शोपेरो म्हणतात आणि तो आधी जाहीर होतो. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत हमीच्या ठरावीक गाड्या धावतात. त्या वेळा धरून बेत आखता येतो, पण दुपारी अडकलात तर अडकलात.

३. कागदपत्रं

भारतातून येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या तारखांसाठी शेवटच्या पंधरवड्याची वाट बघू नका, अपॉइंटमेंटच मिळत नाही. वैद्यकीय विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. जर्मनी, नेदरलँड्स वगैरे ठिकाणी राहणाऱ्या मराठी मंडळींना तिथल्या निवासी परवान्यावर येता येतं, पण परवान्यासोबत मूळ पासपोर्टही जवळ ठेवा. किनाऱ्यावर नेताना तो झिपच्या प्लास्टिक पिशवीत.

४. पिशवीत काय

खडे बोचणार नाहीत असे रबरी पाण्याचे बूट प्रत्येकासाठी एक जोड. ही पहिली वस्तू, बाकी सगळं नंतर. फेजिनाची वाळू जाडीभरडी आहे, तीत गोटे मिसळलेले असतात आणि दुपारी ते तव्यासारखे तापतात.

पाण्यात उतरायचे कपडे अंगाला बसणारे आणि लगेच वाळणारे असावेत. सुती पंजाबी ड्रेस, जीन्स, साडी पाण्यात जड होते आणि पाय अडकतात. अंग झाकायचं असेल तर लांब बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज घाला, इथे कुणी वळूनही बघत नाही.

याखेरीज टोपी, उन्हाचं क्रीम, प्रत्येकी एक लिटर पाणी, सुटे युरो आणि अंगावर टाकायला एक सैल कपडा. पोहण्याच्या कपड्यांवर दुकानात किंवा चर्चमध्ये शिरू नये. डोंगरातल्या पायवाटेवरही चालायचं असेल तर बुटांचा वेगळा जोड घ्या. तिथे चपला किंवा गुळगुळीत तळव्याचे बूट घालून गेलात तर ५० युरोंपासून दंड आहे.

५. रेल्वे: सगळ्यात जास्त चुका इथेच होतात

गाडी घेऊन येऊ नका. गावात वाहनांना बंदी आहे, पार्किंगची जागा सकाळीच भरते. मोटार असेलच तर ती जवळच्या ला स्पेत्सिया किंवा लेवांतो या गावी ठेवा आणि पुढे रेल्वेने या.

मिलानहून काही इंटरसिटी गाड्या थेट मोंतेरोस्सोला थांबतात, साधारण तीन तास लागतात. फ्लोरेन्स किंवा पिसाहून येणाऱ्यांनी ला स्पेत्सिया चेंत्राले स्टेशनवर उतरून तिथे स्थानिक गाडी पकडायची. ला स्पेत्सिया आणि लेवांतो यांच्यामध्ये चिंक्वे तेर्रे एक्सप्रेस नावाची लोकल धावते आणि पाचही गावांना थांबते. लेवांतोहून मोंतेरोस्सो पाचेक मिनिटांवर, ला स्पेत्सियाहून वीस-पंचवीस मिनिटांवर.

आता क्रम:

अ) आधी ठरवा, कार्ड की साधं तिकीट. रेल्वेसह मिळणाऱ्या चिंक्वे तेर्रे कार्डवर त्या दिवशी लेवांतो ते ला स्पेत्सिया पट्ट्यात लोकलने हवं तितकं फिरता येतं, पैसे भरायच्या पायवाटा आणि स्टेशनांवरची स्वच्छतागृहंही त्यात येतात. फक्त मोंतेरोस्सोला जाऊन परत यायचं असेल तर दोन साध्या तिकिटांचे पैसे आणि कार्डाचे पैसे खिडकीवर ताडून बघा. दर मोसमाप्रमाणे आणि वाराप्रमाणे बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या मित्राने सांगितलेला आकडा धरू नका. एकदिवसीय कार्ड मध्यरात्री संपतं, चोवीस तास चालत नाही.

आ) 'ट्रेकिंग' नावाचं कार्ड वेगळं आहे आणि स्वस्त आहे. त्यात रेल्वे नाही. घाईत तेच घेतलं जातं.

इ) कागदी तिकीट असेल तर फलाटावर जाण्याआधी भिंतीवरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवा. कार्डावर नाव लिहून तेही पहिल्यांदा असंच शिक्का मारून घ्या. लोकलचं तिकीट फोनवर काढलं असेल तर गाडीत बसण्याआधी ॲपवर चेक-इन करा. पैसे भरलेत, तिकीट हातात आहे, तरी शिक्का नसेल तर दंड होतो. आमच्या एका पाहुण्यांचं असंच झालं. त्यांनी पावती दाखवली, हात जोडले, काही उपयोग झाला नाही.

ई) फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं, आपलं नाही. ला स्पेत्सियाहून जाताना लेवांतो किंवा सेस्त्री लेवांते हे नाव शोधा, परतताना ला स्पेत्सिया चेंत्राले. फलाटाला बिनारियो म्हणतात आणि तो ऐन वेळी बदलतो, म्हणून कान आणि डोळे फलकाकडे.

सावधान: कार्ड फक्त लोकलला चालतं. मोंतेरोस्सोच्या फलाटावर इंटरसिटीही येते आणि ती रिकामी दिसते म्हणून माणसं चढतात. तिचं वेगळं तिकीट लागतं.

तपासा: सकाळी ९ च्या आत मोंतेरोस्सोला उतरणार आहात ना? नसाल तर आदल्या रात्री लेवांतो किंवा ला स्पेत्सियाला मुक्काम करा. मिलान किंवा फ्लोरेन्सहून एका दिवसात येऊन जाणं जमतं, पण त्या बेतात समुद्राच्या वाट्याला दोन-तीन तासच येतात.

६. वाळूवर जागा

स्टेशनमधून बाहेर पडलात की समोर समुद्र. डावीकडे जुन्या गावाकडे जाणारा बोगदा, उजवीकडे किनाऱ्याच्या टोकाला खडकात उभा असलेला चौदा मीटर उंच काँक्रीटचा वरुणदेव, म्हणजे नेपच्यून. हे दोन टोकं लक्षात ठेवा, मुलांनाही दाखवून ठेवा. कुणी हरवलं तर भेटायची जागा त्यातली एक.

किनाऱ्याचे दोन प्रकार आहेत आणि ते शेजारी शेजारी असतात. एकसारख्या रंगाच्या छत्र्यांच्या रांगा दिसतात तो भाड्याचा किनारा. त्याला बान्यी किंवा स्ताबिलिमेंतो म्हणतात. छत्री नसलेला किंवा प्रत्येकाची वेगळी छत्री असलेला तुकडा मोफत, तिथे 'स्पियाज्जा लिबेरा' अशी पाटी असते. आपल्या मंडळींची हमखास होणारी चूक म्हणजे रिकामी छत्री बघून खाली टॉवेल पसरणं. ती रिकामी नसते, कुणीतरी आठवडाभरासाठी घेतलेली असते.

सोबत ज्येष्ठ किंवा तान्हं मूल असेल तर पैसे भरा, वाचवू नका. एक छत्री आणि दोन आरामखुर्च्या असा संच मिळतो. पहिली रांग महाग, मागची स्वस्त. कपडे बदलायला खोली, शॉवर आणि जीवरक्षक या तिन्ही गोष्टी त्यात येतात. जुलै-ऑगस्टमध्ये आधी फोन करून जागा राखून ठेवा. दुपारनंतर अर्ध्या दिवसाचा दर मिळतो का, हे विचारायला लाजू नका.

मोफत किनाऱ्यावर जायचं तर लवकर पोहोचणं हाच एक उपाय. पाण्याच्या कडेची पाच मीटरची पट्टी ये-जा करायला मोकळी ठेवावी लागते, तिथे सामान मांडू नका.

सावधान: किनाऱ्यावर फिरणाऱ्या विक्रेत्यांकडून ब्रँडच्या नकली पर्स किंवा गॉगल घेऊ नका. इटलीत असा माल घेणाऱ्यालाही दंड होतो.

७. पाण्यात उतरताना

हा टप्पा घाईने वाचू नका.

माझी मावशी दापोलीजवळच्या मुरूडच्या समुद्रात लहानपणापासून खेळलेली. तिथे अर्धा फर्लांग आत गेलं तरी पाणी गुडघ्यापर्यंतच. फेजिनाला ती त्याच भरवशावर आत निघाली. पहिल्या पावलाला पाणी घोट्यापर्यंत, दुसऱ्याला पोटरीपर्यंत. तिसऱ्या पावलाखालचे खडे परतणाऱ्या लाटेबरोबर खरखरत सरकले, आणि ती एकदम कमरेएवढ्या पाण्यात बसली. लाट लहानच होती. तिचा हात माझ्या हातात होता म्हणून ती हसत उठली, पण त्या खड्यांचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

कारण साधं आहे. बारीक वाळूचा किनारा सपाट राहतो, जाड वाळूचा आणि खड्यांचा किनारा उताराचा होतो. म्हणून इथे पाणी पटकन खोल होतं.

त्यामुळे क्रम असा ठेवा.

आधी झेंडा बघा. इटलीत पांढरा झेंडा म्हणजे समुद्र ठीक आणि जीवरक्षक हजर. लाल म्हणजे पोहणं धोक्याचं किंवा जीवरक्षक नाही. पिवळा म्हणजे वाऱ्यामुळे छत्र्या मिटलेल्या. लाल झेंडा असताना बाकीचे पोहताहेत म्हणून तुम्ही उतरू नका. त्यांचा जन्म या पाण्यात गेलेला असतो.

मग पाच मिनिटं उभं राहून लाटा बघा. कोकणात आपण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघतो, इथे त्याची गरज नाही. इथल्या भरती-ओहोटीत साधारण ३० सेंटिमीटरचाच फरक पडतो. इथला समुद्र बदलतो तो वाऱ्याने. नैऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला लिबेच्चो म्हणतात, तो सुटला की शांत पाण्यात तासाभरात मोठ्या लाटा उठतात. सकाळी बहुतेक दिवस पाणी आरशासारखं असतं, म्हणून आंघोळ सकाळीच उरका.

त्यानंतर पोहता येणाऱ्या एकाने आधी उतरून खोली बघावी. पोहता न येणाऱ्यांनी पाण्याकडे पाठ न करता, कुणाचा तरी हात धरून, गुडघ्याच्या वर न जाता थांबावं. हवेने फुगवलेल्या गाद्या आणि टायर मुलांना देऊ नका, जमिनीकडून वारा आला की ते झपाट्याने आत जातात.

खडकांच्या जवळ पाण्याखाली काळे काटेरी गोळे दिसतात, त्यांना इथे रिच्ची म्हणतात. त्यावर पाय पडला तर काटे आत मोडतात. पाण्याचे बूट त्यासाठीच आणले आहेत. कधी जांभळट रंगाच्या छोट्या जेलीफिश येतात, इथला शब्द मेदूसा. कुणी "मेदूसा!" ओरडलं की बाहेर या. डंख झाला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाला दाखवा.

तपासा: फोनमध्ये दोन क्रमांक आहेत ना? सर्व आणीबाणीसाठी ११२, समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दलाचा १५३०.

८. जेवण

दुपारी साडेबारा ते अडीच ही जेवणाची वेळ, त्यानंतर बरीच स्वयंपाकघरं बंद होतात. लहान दुकानंही दुपारी काही तास मिटलेली असतात. किनाऱ्यावर खायला फोकाच्चा घ्या. हा जाड, तेल लावून भाजलेला पाव लिगुरियाचाच. कांद्याचा चांगला लागतो. फारिनाता दिसली तर सोडू नका. हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढंच त्यात असतं. मोठ्या गोल थाळ्यात भट्टीत भाजतात. चव अगदी आपल्या बेसनाच्या धिरड्याच्या वळणावर जाते, फक्त ती जाड असते आणि वरून कडक होते.

शाकाहारी मंडळींनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोंतेरोस्सो अँकोव्ही माशांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे सॅलडवर आणि पिझ्झ्यावर तो मासा न विचारता असू शकतो. मेनूतला शब्द आच्च्यूगे. ऑर्डर देताना "सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे" म्हणा, म्हणजे मांस नको, मासे नको. दुसरं, पेस्तो म्हणजे बेसिलच्या पानांची चटणी. तो हिरवा दिसला तरी त्यात पार्मेजान चीज असतं. ते चीज वासराच्या पोटातलं विकर वापरून करतात. शिवाय पेस्तोत लसूणही असतो. कडक शाकाहारी आणि जैन मंडळींनी पेस्तो टाळावा.

बिलात 'कोपेर्तो' अशी माणशी रक्कम दिसेल. ती टेबलाची आणि पावाची आकारणी आहे, मेनूत छापलेली असते. त्यावरून वाद घालू नका.

९. आता गावं

दुपारी तीन-साडेतीनला अंग धुऊन, कपडे बदलून मग फिरायला निघा. बोगद्यातून जुन्या गावात जा, तासभर फिरा. अजून दम असेल तर लोकलने एक गाव. एकच. मी वेर्नात्सा सांगेन, कारण ते पुढचंच स्टेशन आहे आणि बंदर स्टेशनपासून उतरत्या रस्त्याने काही मिनिटांवर आहे. वेर्नात्साचा फलाट काही भाग बोगद्यात आहे, डबा अंधारात थांबला तरी स्टेशन आलेलं असतं. दारापाशी आधीच उभे राहा.

मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा चालत जाणारी पायवाट साधारण साडेतीन किलोमीटरची, पायऱ्यांची, जवळजवळ दोन तासांची आहे. पोहून थकलेल्या पायांनी, दुपारच्या उन्हात ती घेऊ नका. तिच्यासाठी दुसरा दिवस ठेवा.

होडीने परतायचं असेल तर लक्षात ठेवा, होड्या कोर्निलियाला थांबत नाहीत, समुद्र खवळला की बंद होतात आणि शेवटची होडी शेवटच्या गाडीच्या खूप आधी सुटते. शेवटच्या होडीची वेळ सकाळीच धक्क्यावरच्या फलकावरून टिपून घ्या.

परतीची गाडी ठरवताना शेवटून दुसरी धरा. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत फलाट खचाखच भरतो. त्या वेळी मुलांना घेऊन गाडीत घुसण्यापेक्षा किनाऱ्यावर परत जाऊन बसा, उन्हं उतरलेली असतात आणि भाड्याच्या छत्र्या मिटायला लागलेल्या असतात. निघण्याआधी टॉवेल नीट झटका, ओल्या कपड्यांची पिशवी वेगळी बांधा आणि तिकिटाचा शिक्का पुन्हा एकदा बघून घ्या.